आत्या, ते पाणी विहिरीचं नव्हतं

आत्या,

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि मी, तुमची सून, अजून रडले नाही. शेजारपाजारच्या बायकांनी हे बघून ठेवलंय. शिकलेल्या बाईचं काळीज दगडाचं असतं, असं आपापसात बोलतात आणि मी आले की गप्प होतात. त्यांना मी दोष देत नाही. हे त्यांना तुम्हीच शिकवलंत.

काल जैन बस्तीत, देवळाच्या मंडपात, तुमच्या नावानं सगळ्या जमल्या होत्या. देवाला नमस्कार झाला, आणि एकेक उठून तुमच्या व्रताबद्दल बोलायला लागली. लग्न होऊन आल्यापासून घरच्या विहिरीचं पाणी, तेही दुहेरी फडक्यानं गाळून, उकळून. दारात नळ आला तरी दुसऱ्या पाण्याचा थेंब नाही. गाळल्यावर फडक्याला जे बारीक जीव राहतात, ती जिवाणी, तीसुद्धा बादलीनं अलगद खाली सोडायची. वरनं ओतायची नाही, जीव आपटतील. "मरेपर्यंत मोडलं न्हाय बघा आक्कांनी," असं कोपऱ्यावरच्या पाटलीणबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू शिकलेली हाईस. आपल्या समाजाच्या अंकात आक्कांवर तूच लिही."

म्हणून लिहिते. शेवटचे आठ महिने तुम्ही जे पाणी प्यालात ते विहिरीचं नव्हतं. गावातल्या फिल्टरचं होतं. मी पाजलं, तुम्हाला न सांगता. अंक काढणाऱ्यांनी हे छापावं, नाहीतर लेख परत द्यावा. मधलं वाक्य गाळून छापू नये.

मी माहेरची आणि सासरचीही पहिली पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र. चिकोडीला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हे मी कुठंही, कुणालाही, विचारलं नाही तरी सांगते. तुम्हाला त्याचा राग यायचा. तुम्ही तिसरीत शाळा सोडली होती आणि निपाणीच्या बाजारात मराठीत भाव विचारून कानडीत घासाघीस करायचात. माझ्यासमोर मात्र, "मला काय कळतंय, मी अडाणी," हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा म्हटलंत, की ते ऐकलं की मला समजायचं, आता काहीतरी टोचणारं येणार.

पहिला वार तुमचा होता, हे तर मान्य कराल? लग्नाला आठवडा झाला होता. हिंडलग्याहून सुमनवन्संच्या सासरची माणसं जेवायला. तुम्ही मला तुरीची डाळ दिली आणि विहिरीच्या पाण्याची कळशी पुढं सरकवली. "कर बघू." दीड तास डाळ चुलीवर होती. गळली नाही. दाणा न् दाणा वेगळा, नखानं दाबला तर तडकायचा. मग तुम्ही आतून तुमच्या डाळीचं पातेलं आणलंत, लोण्यासारखी शिजलेली. पाहुण्यांना वाढता वाढता म्हणालात, "बीएस्सी झाल्या आमची सून. डाळ तेवढी शिकायची ऱ्हायल्या."

सगळे हसले. माझा नवराही हसला.

विहिरीचं पाणी जड. त्यात चुना विरघळलेला, आणि त्या पाण्यात डाळीचं साल मऊ पडत नाही. पुस्तकात 'दुष्फेन पाणी' म्हणून पानंच्या पानं होती, साबणाला फेस येत नाही म्हणून दुष्फेन. मी ती पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, त्यावर मार्क घेतले होते. आणि कळशीत तेच पाणी बघून मला ओळखता आलं नाही.

तुम्ही काय करत होता ते मला दोन वर्षांनी कळलं. तुम्ही पाणी खळखळून उकळायचात, तसंच ठेवायचात, पांढरं खाली बसलं की वरचं नितळ अलगद काढून घ्यायचात आणि त्यात डाळ टाकायचात. उकळल्यानं चुना खाली बसतो, सगळा नाही, पण बराचसा. यालाच पुस्तकात तात्पुरती कठीणता घालवणं म्हणतात. तुम्हाला ते चाळीस वर्षं येत होतं, आणि नव्या सुनेला तुम्ही न उकळलेली कळशी दिलीत. मुद्दाम. अडाणी म्हणे.

मग मी तुम्हाला सोडलं नाही.

आपल्या विहिरीचं पाणी मी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. त्यात रंग टाकला की पाणी गडद लाल होतं. वरच्या नळीतनं थेंब थेंब औषध सोडायचं, लाल जाऊन निळं झालं की थांबायचं. जितकं औषध जास्त लागेल तितकं पाणी जड. गावोगावच्या बाटल्या येतात, मी दिवसातनं कितीदा तरी हे करते. आपल्या पाण्याला नळी अर्धी रिकामी झाली तरी निळं होईना. शेजारचे सर म्हणाले, "कुठलं हो हे, दगड विरघळवून आणलाय काय?" मी म्हटलं, "आमच्या घरचं." मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

जंतूंची परीक्षाही केली, त्यातही पाणी नापास. तो कागद मी बस्तीतल्या बायका घरी जमल्या होत्या तेव्हा बाहेर काढला. एकटं असताना सांगता आलं असतं. मला एकटं सांगायचं नव्हतं.

"आत्या, तुम्ही जिवाणी परत सोडता ना, तेच जंतू दुसऱ्या दिवशी काढून पिता."

"उकळून पितो की गं."

"मग उकळल्यावर ते जीव मरत न्हाईत व्हय?"

पाटलीणबाईंनी बशी खाली ठेवली. तुमचा चेहरा मी बघत होते, नीट, डोळा न हलवता. तुम्ही म्हणालात, "साकु." भांडण बंद करायचं असलं की तुम्ही कानडीत जायचात, आणि पुरे म्हटल्यावर खरंच पुरे व्हायचं. पाचव्या दिवशी मी भाकरी थापत असताना मागं येऊन उभ्या राहिलात.

"उकळलं की एकदाच मरत्यात. तसंच ठिवलं तर त्यात रोज नवीन हुत्यात आन् रोज मरत्यात. एवढं तुझ्या पुस्तकात न्हाय ना?"

आणि निघून गेलात. गाळायचं, उकळायचं आणि चोवीस तासांत संपवायचं, पाणी राखायला याहून चांगली शिस्त मीही कुणाला सांगणार नाही. हे तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी भाकरी उलटली.

मग मागच्या उन्हाळ्यात तुमचा मुतखडा उठला. परड्यातल्या फरशीवर तुम्ही हातपाय आवळून पडला होता आणि तशातही मला म्हणालात, "लुगडं नीट कर माझं, माणसं येतील." निपाणीला नेलं. तुम्हाला इंजेक्शन देऊन आत झोपवलं आणि डॉक्टर बाहेर माझ्याशी बोलले. पाणी पोटात लई कमी जातंय, म्हणाले. दिवसाला किती पितात?

"पितात की," मी म्हटलं.

"भरपूर पाजा. कुठलंही चांगलं, स्वच्छ."

मी विचारलं, "जड पाण्यानं खडा होतो ना?" ते म्हणाले, तसं काही म्हणता येत नाही, खड्याला शंभर कारणं असतात, तुम्ही फक्त पाणी वाढवा.

घरी येऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं, "डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बंद सांगितलंय. त्या जड पाण्यानंच खडा झालाय."

हे खोटं होतं. मी रसायनशास्त्र शिकलेली, मला ते खोटं आहे हे घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. डाळीचा बदला घ्यायला मला इतकी वर्षं लागली, आत्या.

तुम्ही मात्र हटला नाहीत. "मी काय मरतो व्हय गं लगीच? आन् मेलो तर माझ्या विहिरीचं पिऊन मरंन." पंधरा दिवसांनी विहिरीच्या पायरीवर घसरलात, पाय मुरगळला, आणि तुमच्या लेकानं फर्मान काढलं, "आजपासनं राजश्री काढंल पाणी." मला विचारलं नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही सोप्यातल्या खाटेवरनं माझ्याकडं बघितलंत. व्रताप्रमाणं पाणी काढणाऱ्यानं आंघोळ करून, धुतलेलं नेसून काढायचं. "जमंल काय हिला?" तुम्ही भिंतीला विचारलंत.

आठवडाभर मी खरंच विहिरीचं पाणी दिलं. आठव्या दिवशी तुम्ही पेला तोंडाला लावून म्हणालात, "तुझ्या हाताचं कडू लागतंय गं. धुतल्यास न्हवं हात?" दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या पाण्याचा कॅन आला. न्हाणीघराच्या मागं, शेणी रचतो तिथं, पोत्याखाली ठेवला.

रोज सकाळी मी आंघोळ करून विहिरीवर जायची. रहाट ओढायची, तीन कळश्या. दुहेरी फडक्यानं गाळायची. जिवाणी बादलीत घेऊन, पार वाकून, बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडायची. तुम्ही खाटेवरनं बघत असायचात. "हळू. हळू सोड. आपटशील." कधी, "फडकं नीट पीळ न्हाय, नुस्तं हालवून काढ." कधी, "ढुंगान वर करून काय उभारल्यास, बस खाली." मग कळश्या घेऊन मी आत जायची, तुमच्या नजरेआड, विहिरीचं पाणी मागच्या केळीला घालायची आणि कॅनमधलं कळशीत ओतायची. तुम्ही ते उकळून प्यायचात. वर नमोकार मंत्र म्हणून प्यायचात. आणि मी भिंतीआड उभी राहून ऐकायची.

तीन महिन्यांत तुमचं दुखणं थांबलं. खडा परत उठला नाही. तोंडावर तेज आलं. माझा नवरा म्हणाला, "बघ, विहिरीचंच पाणी पिती, तरी बरी हाय." मी मनात म्हटलं, जिंकले. कुणाला सांगता येत नव्हतं, तरी जिंकले. तुमच्या अंगात माझं रसायनशास्त्र चाललंय, आणि तुम्ही त्याला देवाची कृपा म्हणताय. असली मजा मला आयुष्यात दुसऱ्या कशात आली नाही, पदवीच्या दिवशीसुद्धा नाही.

तुम्ही गेलात ते दुपारी, जेवून, खाटेवर, झोपेत. खड्यानं नाही, पाण्यानं नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. उशाला तुमचा पेला अर्धा भरलेला होता. कुठल्या पाण्याचा, ते घरात मला एकटीला ठाऊक होतं.

असं मला काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

बस्तीतनं आल्यावर सुमनवन्सं माझ्यामागं स्वयंपाकघरात आल्या. तुमची लेक तुमच्यासारखीच, बोलायचं असलं की आधी डबे सारखे करत बसते.

"वयनी, अंकात लिहिणार हाईस व्हय?"

"हो."

"पाण्याचं बी लिही मग."

माझ्या हातातला तांब्या तिथंच राहिला. "कुठल्या पाण्याचं?"

"आईला ठाऊक हुतं गं. पयल्याच दिवशी. पाणी तोंडात घेतल्यावर वळकलं तिनं. मग तपेल्याला पांढरं बी बसायचं बंद झालं. मला फोनवर म्हणाली, 'सुमे, ती फिल्टरचं पाजत्या मला.' मी म्हटलं, थुकून टाक, दादाला सांग. तर म्हणाली, 'गप्प बस.'"

"गप्प का?"

वन्संना हसू आलं. तुम्ही गेल्याला दहाच दिवस झालेले, आणि तुमच्याच स्वयंपाकघरात. "म्हणाली, 'बोललो तर ती पाणी काढायची बंद हुईल. रोज सकाळी ती माझ्यापायी विहिरीवर वाकत्या. बीएस्सी वाकत्या, सुमे. ते बघायला लई बरं वाटतंय.'"

आत्या! तीन कळश्या, आठ महिने. माझी कंबर गेली. आणि तुम्ही "हळू सोड, आपटशील" म्हणत होता, ठाऊक असून, की ते सगळं केळीला जाणार आहे! मला हसू आलं. खरंच आलं, तोंडात पदर कोंबून हसले. बाहेरच्या बायकांना वाटलं असेल, सून शेवटी रडली.

"आन् व्रताचं काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, 'फसवून पाजणाऱ्याला पाप. पिणाऱ्याला न्हाय.'"

हे मात्र मी मानणार नाही. खरंच फसलेल्या असता तर पाप नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही प्यालात, रोज, नमोकार म्हणून. तुमच्या शास्त्राप्रमाणंच बघितलं तर व्रत आपण दोघींनी मिळून मोडलं. या घरात आपण दोघींनी मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट. बस्तीतल्या बायकांनी हे वाचावं आणि काय ते ठरवावं. माझं मी घेते. तुमचं तुम्ही घ्या.

मी तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला माझा विजय वन्संना सांगायचा होता. म्हटलं, "काही का असेना, त्या पाण्यानं खडा तरी परत आला नाही."

वन्संनी डबा खाली ठेवला. "त्या पाण्यानं कसलं? खड्याआधी दोन वर्षं तिला पाणीच कुठं पुरत हुतं? गुडघ्यानं रहाट वढवायचा न्हाय. आधी तीन कळश्या काढायची, मग एकच निघायला लागली. त्यातच पिणं, त्यातच तिचा सैपाक. पाच पेले प्यायची दिवसाला. उन्हाळ्यात बी पाचच. तू काढायला लागलीस तवा पोटभर प्याली."

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, दिवसाला किती पितात. मी म्हटलं होतं, पितात की.

अकरा वर्षं एका घरात राहिले. रोज दहा गावांचं पाणी तपासते. माझ्या सासूच्या पोटात दिवसाला किती पाणी जातं हे मला ठाऊक नव्हतं. पाणी जड होतं की हलकं, याचा तुमच्या दुखण्याशी काही संबंध असेल असं मी आता छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कुणी तरी कळशी काढून दिली आणि तुम्ही पोटभर प्यालात, एवढंच ठामपणे म्हणता येतं. मी विहिरीचंच पाणी दिलं असतं, तुम्ही ते तुमच्या पद्धतीनं उकळून प्याला असता, तरी हेच झालं असतं. व्रतही राहिलं असतं. पहिल्या आठवड्यातल्या पाण्यावरच मी थांबायला हवं होतं. फक्त रहाट ओढत राहायला हवं होतं.

रात्रंदिवस तुम्हाला दोष देत बसायची मला सवय आहे, म्हणून हेही विचारते. माझ्यावर एवढी नजर ठेवणाऱ्या बाईनं तोंड उघडून एकदा का नाही म्हटलं, "राजश्री, गुडघा दुखतोय, एक कळशी जास्ती काढून दे"?

आणि म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? हे छापून येणार म्हणून चांगलं उत्तर देणार नाही. मी नाही म्हटलं असतं. "दारात नळ हाय की आत्या" म्हटलं असतं, आणि पदर खोचून नोकरीला निघून गेले असते. संध्याकाळी आल्यावर तुमचे सुकलेले ओठ बघितले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले असते विहिरीवर. तोंड वाकडं करून, भांडी आपटत, पण गेले असते.

तुम्ही मला माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं ओळखत होता. माझं 'नाही' तुम्हाला ठाऊक होतं, तसं दुसऱ्या दिवशीचं 'हो'ही ठाऊक असणारच. तरी ते एक 'नाही' ऐकायला लागू नये म्हणून तुम्ही दोन उन्हाळे तहानेवर काढलेत, आणि मला एकदाही 'हो' म्हणू दिलं नाहीत.